चार्जरचा हिरवा दिवा

"काय अण्णा, बसबी संपावर गेली व्हय?"

बोळाच्या तोंडाशी दात घासत उभ्या असलेल्या शेजाऱ्यानं हे विचारलं, तेव्हा आमची बस सगळं सामान पोटात घेऊन सकाळच्या उन्हात उभी होती. वडील चावी फिरवत होते आणि पुढून एकच आवाज येत होता, कट. पुन्हा चावी, पुन्हा कट. आई आतल्या बाकावर, मांडीवर भाकरीचा डबा घेऊन बसली होती. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. वळसंगच्या पुढं तिच्या मावसभावाचं शेत आहे, तिथं एक रात्र काढायला ती निघाली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर आयुष्यभर टॉवेल विणले आणि त्यातून वेळ उरला की कामगारांसाठी पत्रकं लिहिली. आमच्या घरात ताटाखाली पत्रक असायचं, शाळेच्या वहीला पत्रकाचंच कव्हर असायचं आणि पावसाळ्यात खिडकीच्या फटीतही पत्रकंच कोंबलेली असायची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. 'धिक्कार' मला 'धबधबा'च्या आधी लिहिता यायचं. त्या कागदांनी मला एक गोष्ट शिकवली, ती अजून जात नाही. काहीही आपोआप बिघडत नसतं. पगार थकला तर तो कुणीतरी थकवलेला असतो. दिवे गेले तर ते कुणीतरी घालवलेले असतात. प्रत्येक बिघाडामागं एक हात असतो, आणि हात शोधायचा तर आधी विचारायचं, यात फायदा कुणाचा.

बस कट म्हणाली आणि मी हात शोधायला लागले.

बस म्हणजे एका शाळेनं मोडीत काढलेली पिवळी मिनीबस. अण्णांच्या एका जुन्या दोस्तानं ती हुडकून काढली. मी त्यांना चाचा म्हणते. चाचा उमेदीत ट्रक चालवायचे, आता घरासमोरच्या पत्र्याखाली गाड्यांची वायरिंग करतात. त्यांनी बसमधली बाकं उपटली, दोन पलंग बसवले, शेगडी, पाण्याची टाकी, पंखा, दिवे. एका पलंगाखाली लाकडी पेटीत दोन बॅटऱ्या, एकमेकींना जोडलेल्या. गाडी सुरू व्हायची ती त्यांच्यावर आणि आतलं घर चालायचं तेही त्यांच्यावरच. दाराच्या काचेआड चार्जर, त्याचा प्लग बसच्या बाहेरच्या अंगाला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढून त्याला जोडली की रात्रीतून बॅटऱ्या भरून निघाव्यात, अशी सोय. दाराशी हाताला येईल असा मोठा लाल मेन स्विच. आणि बाकाखाली आईच्या इन्सुलिनसाठी एक छोटा थंड डबा. तो तेवढा चाचांनी मेनला टाळून थेट बॅटरीला जोडला होता. "बाकी सब बंद पडो," ते म्हणाले होते, "भाभीची दवाई गरम नको व्हायला."

बोळात तिला 'झोपायची बस' म्हणतात.

ती आली आईसाठी. आमच्या घराच्या डाव्या भिंतीला लागून चार माग आहेत, मागच्या भिंतीला लागून आणखी. पहाटे ते सुरू होतात आणि मग दिवसभर भिंत, भांडी, बोलणं, सगळं त्या तालावर हलतं. आईनं त्या आवाजात घरी बसून टॉवेलांच्या किनारी शिवल्या, मला वाढवलं, तापही त्यातच काढले. तिला समुद्र बघायचा नव्हता, काशी करायची नव्हती. ती म्हणायची, "एक सकाळ अशी पायजे की डोळे उघडलं आन् माग न्हाय."

मी एकदा म्हटलं, मग मामाकडं जाऊन राहा की. वळसंग काय लांब आहे?

"पावनी म्हणून गेलं की पहाटं उठून भाकरी थापायला बसावं लागतं," आई म्हणाली. "वहिनी एकटी थापतीय आन् मी निवांत बसलीय, असं कुटं चालतं व्हय? माझं घर मी घिऊन जाईन. कुनाच्या चुलीपुढं न्हाय बसायची."

म्हणून बस. आणि औषधाचं काय, असं अण्णांनी म्हणायला जागा राहू नये, म्हणून तिनं इन्सुलिन घरातल्या फ्रीजमधून काढून बस आली त्याच दिवशी बसमधल्या डब्यात हलवलं. डबा तेव्हापासून रात्रंदिवस चालू होता.

त्या पहिल्या सकाळी चाचा आले, शेजारच्या टेम्पोची बॅटरी जाड वायरींनी आमच्या बॅटरीला जोडली, आणि गाडी लागली. पण उन्हं वर आली होती, आईचा उत्साह खाली आला होता. "उद्या जाऊ," अण्णा म्हणाले. चाचांनी गाडी एमआयडीसीपर्यंत फिरवून आणली, दारात बंद केली, परत लावली. एका झटक्यात लागली.

"देखो भाई, एकदम ओके. चलेगी तो चार्ज होगी. रात को घरची वायर लगाके ठेवा, बस."

संध्याकाळी अण्णांनी वायर लावली. चार्जरवर दोन दिवे आहेत. भरत असेल तर लाल, भरली असेल तर हिरवा. हिरवा लागला. मी स्वतः बघितला. सकाळी चावी फिरवली. कट.

मग रोज एक नवा आजार आणि रोज एक नवं औषध. चाचांनी बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली. त्या दिवशी गाडी फिरली, दुसऱ्या सकाळी कट. त्यांनी बॅटरीत पाणी भरलं, बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर घासून नवी आवळली. दिवसा चालली, सकाळी कट. सेल्फ खोलून बघितला, पट्टा बदलला. बॅटरीच्या दुकानात नेऊन तपासून आणली. दुकानदार म्हणाला, बॅटरी चांगली आहे, फक्त रिकामी आहे. रोज रात्री हिरवा दिवा दाखवणारी बॅटरी सकाळी रिकामी कशी असते, हे त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मग रात्री कोणीतरी पीत असंल."

तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही. हे वाक्य मला हवंच होतं.

बोळाच्या कोपऱ्यावर एकाला चहाची गाडी टाकायची होती. बस आल्यापासून त्याची तिच्यावर नजर होती. रोज सकाळी आमचा कट ऐकायला तो हमखास हजर असायचा. "अण्णा, देता का? मला चालू व्हायची गरज न्हाय. म्या ती उभीच करणार हाय." फायदा कुणाचा, या प्रश्नाला हे उत्तर सरळ होतं. पण बसची किल्ली त्याच्याकडं नव्हती. दुसरी किल्ली फक्त चाचांकडं होती.

याच सुमारास अण्णा एका सभेसाठी माळशिरसला गेले. बस घ्यायचं ठरल्यापासून आईनं काढलेला प्रत्येक मुहूर्त असाच कुठल्या ना कुठल्या सभेनं खाल्ला होता. चाचा म्हणाले, "आज मैं सोता बस में. कौन पीता बॅटरी, देखते." ते पंखा लावून बसमध्ये झोपले. सकाळी त्यांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात लागली. बोळातले लोक टाळ्या वाजवायचे तेवढे राहिले.

"रातभर लाल दिवा था, बेटी," चाचा म्हणाले. "सुबह हरा हुआ. बॅटरी भर गयी. मैंने कुछ नहीं किया."

आमच्याकडं तो वायर लावल्या लावल्या हिरवा होतो, मी म्हटलं.

"लगाते ही हरा? नहीं होता बेटी. भूका माणूस दो घास में उठता क्या?"

माझ्या डोक्यात गणित जुळलं. ते बसमध्ये असले की गाडी लागते. आमच्याकडं असली की लागत नाही. दिव्याबद्दल आम्ही एक बघतो, ते दुसरं सांगतात. अण्णा माळशिरसहून आले, त्या संध्याकाळी गाडी पुन्हा आमच्या ताब्यात, आणि सकाळी पुन्हा कट. आता यापेक्षा उघड काय असतं? दिवसा चाचा चांगल्या बॅटरीच्या जागी जुनी ठेवत असतील, किंवा तो चहावाला त्यांना काही बोलला असेल. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत ताठ झाले.

"तो? माझ्या पत्रकांचे गठ्ठे मालाखाली लपवून त्यानं पार इचलकरंजीपर्यंत पोचवलेत. तेव्हा तू जन्मली नव्हतीस."

तेव्हाचं तेव्हा, मी म्हटलं. तुम्हीच लिहिलंय, विश्वास ही मालकांची आवडती मागणी असते.

वाक्य त्यांचंच होतं.

मी पत्रक फाडून त्याची एक लांब पट्टी केली, मैद्याची खळ शिजवली आणि बॅटरीच्या पेटीचं झाकण आणि पलंगाची फळी यांच्यावर ती पट्टी चिकटवली. कुणी पेटी उघडली तर कागद फाटणार. पट्टीवर 'एकजूट' एवढाच शब्द अख्खा आला होता. सकाळी गाडी कट म्हणाली आणि पट्टी जशीच्या तशी होती.

ती मी काढण्याआधी चाचा आले. पलंग उचलून त्यांनी पट्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा पट्टीकडं. बोटानं कागदाची कड चाचपली.

"सील लगाया?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायचं कारण नव्हतं.

"मालावर सील लागतो, बेटी. ड्रायव्हरवर भरोसा नसला की लागतो. मैं जिंदगीभर सील के पीछे बैठके गाडी चलाया. बुरा नहीं मानता." ते उकिडवे बसले. "पर ये सील कच्ची है. मैद्याची खळ ओल्या कपड्यानं दोन मिनिटांत सुटते, फिर वैसीच चिपकती. पक्की करनी तो डोरी डाल, दोरीला गाठ, गाठीवर लाख. सिखाऊँ?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही, झाकण काढलं आणि कामाला लागले. मी माफी मागितली नाही. संशय घेणं हा गुन्हा आहे, असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण सील कशी सुटते ते स्वतःहून सांगणारा ती सोडवणारा नसतो, म्हणून माझ्या यादीत आता किल्लीवाला कुणी उरला नव्हता. पेटी कुणी उघडली नव्हती. तरी बॅटरी कुणीतरी प्यायलं होतं.

त्या दुपारी कळलं की घरात संशय घेणारी मी एकटीच नव्हते. आई टॉवेलांचा गठ्ठा सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "चाचाला कशाला धरतीस? चोर घरातच हाय की."

अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली घेतलं. "कोण चोर?"

"तुमालाच जायचं न्हाय."

"मी काय केलं?"

"तेच म्हंते मी. काय केलं ते तुमालाच ठावं. मी म्हनलं दिवाळीनंतर जाऊ, तुमची सभा. मी म्हनलं संक्रांतीला जाऊ, तुमचा मोर्चा. आता सभा संपल्या, तर बस लागंना."

"अगं, बस मी बिघडवली काय? मला वायरिंगमधलं काय कळतं?"

"तुमाला कळत न्हाय ते तुमी लई करता."

भिंतीपलीकडं माग चालू होते, म्हणून सगळे थोडं मोठ्यानंच बोलत होते. आमच्या घरात भांडण आणि गप्पा यांचा आवाज सारखाच असतो. पण आईनं किनारीचा दोरा दातानं तोडला त्यावरून मला कळलं, हे भांडण आहे. मी अण्णांकडं बघितलं. मोर्च्यात ते कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवतात. तेव्हा ते गठ्ठ्याकडं बघत होते. मला वाटलं, फायदा कुणाचा हा प्रश्न मी या खोलीत कधी विचारलाच नाही.

"ठीक हाय," अण्णा म्हणाले. "उद्या सकाळी लागली तर निघायचं. न्हाय लागली तर चहावाल्याला देऊन टाकतो."

"द्या," आई म्हणाली. "म्हंजे तुमी मोकळे."

संध्याकाळी चाचांनी गाडी फिरवून आणून दारात लावली. अण्णांनी आतून फिरून खिडक्या लावल्या, खाली उतरले, दार लावलं, मग घराच्या खिडकीतून वायर काढून बाहेरूनच जोडली आणि काचेतून मला हिरवा दिवा दाखवला. माझी नजर त्यांच्यावर होती. त्यांनी पेटीला हात लावला नाही. पलंगाजवळही गेले नाहीत.

दिवेलागणीला आई बसकडं निघाली. हातात रिकामी पिशवी. मी विचारलं, काय आणायचंय?

"इन्सुलिन घिऊन येते. साड्या बी. उद्या गाडी दुसऱ्याची झाली तर मागत कुटं बसू?"

तिला उद्याची आशाच उरली नव्हती. मी तिच्यामागं गेले. आत अंधारून आलं होतं. आईनं सवयीनं शेगडीवरचं बटण दाबलं आणि दिवा लागला. त्या उजेडात ती साड्या काढून पिशवीत भरायला लागली. मी दारातच उभी होते, आणि माझ्या खांद्याला लागून तो मोठा लाल स्विच होता. त्याचा दांडा खाली होता.

मेन पाडलाय, मी म्हटलं.

"तुझा बाप पाडतो रोज. खाली उतरताना. सकाळी वायर काढली की वर करतो."

मग हा दिवा कशावर लागला?

आईनं दिव्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मेन पाडला म्हणजे बॅटरीशी जोड तुटला. दिवा लागायलाच नको होता. मी उतरले, खिडकीशी गेले आणि घरातून आलेली वायर उपटली. बसमध्ये अंधार झाला. वायर परत लावली, दिवा परत लागला. म्हणजे दिवा बॅटरीवर नव्हताच. तो घरच्या विजेवर, चार्जरमधून लागला होता. चार्जर मेनच्या अलीकडं होता, बॅटरी मेनच्या पलीकडं, आणि मेन पडलेला. चार्जरला भरायला बॅटरीच दिसत नव्हती. ज्याच्या पुढ्यात ताटच नाही तो लगेच म्हणणार, पोट भरलं. म्हणून तो हिरवा दिवा. पलीकडं रिकामी बॅटरी रात्रभर एकटी थंड डबा ओढत बसायची, कारण डबा मेनला टाळून जोडला होता.

मी मेन वर केला. दाराआडून चार्जरचा घरघराट आला, जो आम्ही कधीच ऐकला नव्हता. त्याचा दिवा लाल झाला.

चाचांना बोलावलं. अण्णा आधीच आले होते, दारात उभे होते. चाचांनी मेन पाडला, दिवा हिरवा. वर केला, लाल. पुन्हा पाडला, पुन्हा वर केला. पोरानं खेळणं तपासावं तसं.

"मेन कौन पाडता?" चाचांनी विचारलं.

"मी," अण्णा म्हणाले. "कुणीतरी पाडायलाच पायजे. शेवटचा माणूस मेन पाडून जातो."

"भाई, ये मागाची शेड है क्या?"

"शेड असू दे न्हायतर घर. चालू मेनवर कुलूप लावून निघून जायचं? या एका गोष्टीवर मी पत्रक काढलंय. तू वाटलंयस."

"हौ, वाटलं मैंने. पर ये स्विच रोज के वास्ते नहीं है. वायर जळायला लागली तर पाडायला है."

"मग दाराशी कशाला बसवलास? लाल रंगाचा? माग सोडताना जिथं असतो, अगदी तिथं?"

"हाताला आना चाहिए, इसलिए."

"आला की हाताला. रोज आला," अण्णा म्हणाले.

"आन् चार्जर मेनच्या अलीकडं का जोडला?" आता अण्णा सभेतल्या आवाजात बोलत होते. "डबा पलीकडं जोडता आला, मग चार्जर का न्हाय?"

चाचांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "उधर वायर आखूड पडी."

"वायर आखूड पडली."

"मेरेकू क्या मालूम, तू घरात बी ड्युटी करता."

दोघे म्हातारे एकमेकांसमोर उभे राहिले आणि मग एकदम हसायला लागले, चाचा तर खोकला लागेपर्यंत. माळशिरसच्या सभेची रात्र आता सगळ्यांना एकदमच समजली होती. अण्णा गावात नव्हते, म्हणून मेन पडला नव्हता. मी आणि आईनं त्या स्विचला कधी हात लावलाच नव्हता. तो अण्णांचा होता, न बोलता ठरलेलं होतं.

आई हसत नव्हती. ती पिशवी घेऊन बाकावर बसली होती.

"म्हंजे तुमीच पाडत होता," ती म्हणाली.

"सवयीनं," अण्णा म्हणाले. "हात आपोआप जातो. तीस वर्षं गेला."

"व्हय," आई म्हणाली. "सवयीनं."

मला शिकवलं होतं की आपोआप काही होत नाही. आणि हे शिकवणारा माणूस सांगत होता की हात आपोआप जातो. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. हात सवयीनं गेला की मनानं, हे तपासायचं यंत्र चाचांच्या पेटीत नव्हतं. आईनं साड्या मात्र पिशवीतून काढून परत फळीवर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी चाचांनी नवी लांब वायर टाकली. चार्जर थेट बॅटरीला जोडला आणि दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवल्या. एक फक्त गाडी सुरू करायला, दुसरी फक्त घराला. आता घर पार उपाशी पडलं तरी गाडी लागणार होती. एवढं झाल्यावर मेन पाडला काय आणि न पाडला काय, फरक पडत नव्हता. तरी अण्णांनी टॉवेलच्या कापलेल्या किनारीची एक पट्टी आणली आणि मेनचा दांडा वर करून बांधून टाकला. गाठ विणकराची होती, ओढली की घट्ट होणारी. मी ती नंतर गुपचूप ओढून बघितली. घट्ट झाली.

आम्ही निघालो तेव्हा चहावाला कोपऱ्यावर उभा होता. आई त्याला खिडकीतून म्हणाली, "तुमी हातगाडीच बघा आता."

वळसंगच्या पुढं शेताच्या बांधावर लिंबाखाली गाडी लावली. संध्याकाळी मामा बोलवायला आला. "अक्का, घर हितं असताना बसमधी झोपतीस व्हय? लोक काय म्हंतील?"

"लोकास्नी सांग, अक्का तिच्या घरी हाय," आई म्हणाली. "तूच ये जेवायला. आन् वहिनीला बी आन. मी वाढते."

अण्णा झोपायला आले तेव्हा त्यांचा हात दाराशी गेला, पट्टीला लागला आणि खाली आला. मी बघितलं. त्यांनी मला बघताना बघितलं.

सकाळी मला जाग आली तेव्हा आई दाराच्या पायरीवर बसली होती, पाय खाली जमिनीवर सोडून. तिच्या हातात काही नव्हतं. तिला रिकाम्या हातानं बसलेलं मी फारसं बघितलेलं नाही. समोर ज्वारीचं रान होतं. ती त्याच्याकडं बघत होती असंही म्हणता येणार नाही.

मला धीर धरवत नव्हता. आधी लावून बघू, मी अण्णांना हळूच म्हटलं. लागते का ते कळू दे. ते उठले, चालकाच्या जागी बसले, चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. सगळी बस थरथरायला लागली, भांडी वाजायला लागली, पायरीही हलायला लागली. माझा जीव भांड्यात पडला. अण्णांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. जिंकलेल्या माणसाचा चेहरा होता.

"लागली न्हवं?" आई म्हणाली. तिनं मागं वळून बघितलं नाही. "आता बंद करा."

अण्णांचा हात चावीवर होता. त्यांनी चावी फिरवली नाही. "राहू दे की जरा. चालू हाय तोवर चार्ज होतीय."

मला कळलं, जे माझ्या मनात होतं तेच त्यांच्या मनात होतं. आता चालू आहे. बंद केली आणि पुन्हा कट झालं तर? या रानात टेम्पो नव्हता, चाचा नव्हते. सरळ निघालो तर तासाभरात घर गाठता येईल, कुणाला काही सांगावं लागणार नाही.

आईनं पदर सावरला आणि तशीच बसून राहिली, पाठमोरी. रांगेत आपला नंबर सोडायचा नाही, अशी बाई बसते तशी. इंजिन चालू होतं. अण्णांनी तिच्या पाठीकडं बघितलं, लाल स्विचवरच्या पट्टीकडं बघितलं. मग चावी उलटी फिरवली.

भांडी थांबली. पायरी थांबली. इंजिनाची शेवटची थरथर जमिनीत गेली, आणि मग काहीच उरलं नाही.

"हां," आई म्हणाली.

एवढंच. अण्णा उतरून तिच्या शेजारी जाऊन बसले. पायरी दोघांना अरुंद होती. मी आत, दोघांच्या मागं, श्वास रोखून उभी होते आणि सगळे कान देऊन ऐकत होते. कुठूनतरी, कुणाच्या तरी शेडमध्ये, आता माग सुरू होईल अशी माझी खात्री होती.